बोलता आलं पाहिजे

नवव्या दिवशी सकाळी मंदाबाई चहाचा कप घेऊन आत गेल्या, तर कोपरा रिकामा. चटई होती, लोड होता, पायांवर घ्यायची शाल घडी करून ठेवलेली होती. वहिनी नव्हती.

भाऊ गेल्यापासून वहिनी त्या कोपऱ्यातून उठायची ती फक्त आंघोळीला आणि बाथरूमला. दारावर, म्हणजे दुखवट्याला, येणाऱ्या बायका फाटकाशीच सूर लावायच्या, मंदाबाई त्यांना हाताला धरून या कोपऱ्यापर्यंत आणायच्या, मग गळ्यात पडून रडायचं. पद्धतच ती. वहिनी मात्र गळ्यात पडलेल्या बाईच्या खांद्यावरून ओठांचा चंबू करून फू, फू करत बसायची. डोळ्यांतून पाणी यायचं, पण तोंडातून आवाज नाही. परवा पारोळ्याहून आलेली एक लांबची विहीण चपला घालता घालता म्हणाली होती, "नवऱ्याच्या दारावर शिट्टी वाजवते का काय ही बाई?" मंदाबाईंनी ते ऐकलं होतं आणि न ऐकल्यासारखं केलं होतं. जन्मभराची वहिनी. पण ते वाक्य जेवताना घास गिळू देत नव्हतं.

मागच्या बाजूने चर्र, चर्र असा आवाज आला. मंदाबाईंनी कप तिथेच खिडकीत ठेवला.

घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये चार फुटांचा बोळ. एका टोकाला पाण्याची टाकी, दुसऱ्या टोकाला धुण्याचा दगड. त्या बोळात वहिनी चालत होती. चौऱ्याण्णव किलोंचा देह, एक हात भिंतीला, पदर खोचलेला, आणि पायांत बूट. पांढरे, चिकटपट्टीचे, खेळायचे बूट.

"वहिनी!"

वच्छलाबाईंनी हात वर केला, थांब असा. टाकीपर्यंत गेल्या. टाकीला दोन्ही हात टेकून चार वेळा फुंकर घातली आणि मग मान वळवली.

"किती... झाली मिनिटं?"

"मिनिटं?" धुळ्यात बँकेच्या कॉलनीत तीस वर्षं राहून मंदाबाई अगदी शुद्ध बोलत. पण राग आला की एरंडोलकडचं माहेर जिभेवर यायचं. "मन्हा भाऊले जाईसन नऊ दिन नही व्हयनात, आन तू बूट घालीसन हिंडी राहिनी? काही लाज शे का तुले?"

"चार," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांनी मंदाबाईंकडे बघितलंही नव्हतं, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या. "चारच झाली, मंदाबाई. बावीस व्हायची."

*

"बूट काढले का तिने?" झुलाल आबांनी पहिला प्रश्न हा विचारला.

आबा म्हणजे गेलेल्या नानांचे चुलतभाऊ, भावकीत आता सगळ्यांत मोठे. रोज आठला येऊन पुढच्या खोलीतली एकुलती हातांची खुर्ची धरायचे आणि कोणी निघालं की "पाणी पिऊन जा" म्हणायचे. एवढ्यावर त्यांनी आठ दिवस काढले होते. आज खरं काम निघालं म्हणून ते ताठ बसले.

"काढले," लखन म्हणाला. "मीच काढले."

आईच्या पायातले बूट काढताना त्याला एक गोष्ट कळली होती, आणि ती त्याला कोणाला सांगायची नव्हती. आईचा हात तिच्या पायापर्यंत पोचत नाही. पोट मध्ये येतं, वाकलं की श्वास अडतो. मग रोज सकाळी हे बूट घालत कोण होतं? नाना. गुडघे दुखतात म्हणून देवाला उभ्यानेच नमस्कार करणारे नाना रोज पहाटे तिच्या पायाशी बसत होते. चाळीस वर्षांचा मुलगा, एकाच घरात राहून त्याला हे माहीत नव्हतं. आणि आज ते तिने एकटीने कसे चढवले असतील?

"मी काय वाईट सांगते का?" मंदाबाई म्हणाल्या. त्या दारात उभ्या होत्या, एका खांद्याने चौकटीला टेकून. "जिला धाप लागते तिला माणसं बसवतात. आजवर हेच बघितलं. इथे उलटंच. हिला चालवा, सायकलवर बसवा, त्या पट्ट्यावर पळवा. चालवून चालवून झालं काय? ती राहिली आणि तो गेला. ज्याला साधी सर्दी नव्हती तो!"

"फुई, त्याचा याचा काय संबंध?" लखनची बायको शीतल म्हणाली. आत्याला या घरात फुईच म्हणत. ती चहाची ट्रे घेऊन आली होती आणि ठेवायची विसरली होती.

"कुठे गेला तो? सांग ना. घरात गेला का? मेहरूण तलावावर, हिच्यासोबत चालताना गेला. संबंध नाही म्हणे."

आबा म्हणाले, "पण हा व्यायाम काढला कोणी?"

कोणी काढला, ते लखनला पक्कं ठाऊक होतं, कारण कागदावर सही त्याची होती. दिवाळीत आईला पंधरा दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं, तोंडावर पट्ट्यांचा मास्क, बाजूला हवा ढकलणारं मशिन. सुटताना डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं बिडी ओढणाऱ्याची असतात तशी झालीत. लखनने सांगितलं, आईने बिडीला कधी हात लावला नाही. डॉक्टरांनी विचारलं, मग काय करत होत्या? मांडे करत होती. एरंडोल ते शिरपूर, जिथे लग्न असेल तिथे, उलटं खापर आणि खाली लाकडं, एकेका लग्नात दोन दोन दिवस. डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, तेच. आता फुप्फुसं नवी मिळणार नाहीत, पण पाय तयार करता येतील. पाय तयार झाले की त्याच श्वासात जास्त काम होतं. आणि वजन एवढं असताना बसून राहिल्या तर पुढच्या वेळी मशिनवरून परत येतील असं मी सांगू शकत नाही. आठ आठवड्यांचा कोर्स होता. तीन दिवस दवाखान्यात, उरलेले दिवस घरच्या घरी चालायचं. पहिल्या दिवशी सहा मिनिटांत एकशे नव्वद मीटर. पाचव्या आठवड्यात दोनशे ऐंशी. तो आकडा शीतलने फोनवर कारखान्यात कळवला होता, आणि लखनने पाइपांची गाडी भरता भरता "बरं" म्हटलं होतं.

"तेव्हा फुई म्हणतेय ते करू," तो म्हणाला. "चार दिवसांचा तर प्रश्न आहे. उद्या दहावं, मग तेराव्याला गंधमुक्ती झाली की परत सुरू करेल. आज एरंडोलची सगळी येणार आहेत. त्यांच्यासमोर तमाशा नको."

शीतलने ट्रे ठेवली. "चार दिवस? नऊ दिवसांत त्या बावीस मिनिटांवरून चारवर आल्यात. वर तो अंगारा-धूप, कोपऱ्याला लागूनच फोटो, अखंड उदबत्त्या. धुराने गेलेल्या फुप्फुसांना धूर देतोय आपण. अजून चार दिवस बसवा त्यांना, मग चालवायची गरजच पडणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मशिन, लखन. आणखी काय?"

आबांनी खुर्चीचा हात चाचपला.

"मोठी आली सासूची काळजी करणारी," मंदाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "एवढी काळजी होती तर त्या दिवशी तू का गं नाही गेलीस तिला चालवायला? म्हाताऱ्याला का पाठवलंस?"

*

या प्रश्नाची शीतल नऊ दिवस वाट बघत होती.

उत्तर तयार होतं. घरचं चालणं नानांकडे होतं, पहिल्या दिवसापासून. दवाखान्यात मी नेत होते, तलावावर नाना. हे सगळ्यांना माहीत होतं. ते बोलून ती मोकळी होऊ शकली असती.

पण त्या गुरुवारी सकाळी पावणेसहाला नाना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले होते. मफलर गुंडाळलेला, डोक्यावर कानटोपी. म्हणाले होते, "आज तू जातेस का गं?"

बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. दिवसभर गाडीत ओरडायचा आणि घरी आला की तोंडाला कुलूप. पंधरा वर्षांत सुनेकडे त्यांनी काही मागितलं नव्हतं. मीठ कमी असलं तरी तसंच जेवायचे. आणि शीतल पोळी लाटता लाटता म्हणाली होती, "नाना, आज दहावीच्या पूर्वपरीक्षेला माझी ड्यूटी आहे, साडेसातला शाळेत पोचायचंय. तुम्हीच जा ना." मान वर करून बघितलंही नव्हतं. बघितलं असतं तर चेहरा दिसला असता. काय दिसलं असतं चेहऱ्यावर, हे ती रोज नव्याने ठरवत होती.

"बोल की," मंदाबाई म्हणाल्या.

शीतलने पदर सारखा केला. "बरोबर आहे तुमचं, फुई," ती म्हणाली. "बसू दे आईंना. मी सांगते त्यांना."

लखन तिच्याकडे बघत राहिला. जिंकल्याचं काही त्याला वाटलं नाही.

आत जाऊन तिने सासूच्या पायांवर शाल पसरली. "आई, नका चालू तेरावं होईपर्यंत."

"तू पण?" वच्छलाबाई म्हणाल्या.

"मी पण."

मुस्कानचे दोन मिस्ड कॉल होते. मुस्कान म्हणजे दवाखान्यात व्यायाम घेणारी, सव्वीस वर्षांची पोरगी, पेशंट सायकल मारत असताना शेजारी उभी राहून स्वतःच दमायची. शीतलने फोन उचलला नाही. फोन पालथा घालून ती शेंगदाणे भाजायला गेली.

*

अकरा वाजता मंदाबाई भाताची ताटली घेऊन कोपऱ्यात आल्या आणि चटईवर बसल्या. बसताना त्यांचा स्वतःचा श्वास वर लागला. वच्छलाबाईंनी ते बघितलं. खापरावर मांडे टाकायला वहिनी बसायची तेव्हा जाळ सारायला नणंद असायची, लग्न होऊन धुळ्याला जाईपर्यंत. पण हा विषय काढायची ही वेळ नव्हती.

"चार घास खा. दुपारी एरंडोलची जीप येईल. भुरीबाई येतेय."

"हं."

"वहिनी, एक सांगू? मी सकाळी बोलले ते बोलले. आता हात जोडते." मंदाबाईंनी खरंच हात जोडले. "एकदा मोठ्याने रड. बाकीच्यांचं जाऊ दे, पण त्या बायकांनी भाऊला अंगाखांद्यावर खेळवलंय. तू अशी फू फू करत बसलीस तर त्या गावात जाऊन काय सांगतील? म्हणतील, हिला सुटल्यासारखं झालं."

"रडायला वारा लागतो, मंदाबाई."

"चालायला आहे ना वारा?"

वच्छलाबाईंनी भात कालवला आणि तसाच ठेवला. थोड्या वेळाने बोलायला लागल्या. दोन वाक्यं, मग फुंकर, मग दोन वाक्यं. मंदाबाईंना प्रत्येक वेळी थांबावं लागत होतं, आणि थांबायची त्यांना सवय नव्हती.

"त्या मुस्कानने आम्हाला एक सांगितलं होतं. चालताना दम लागला पाहिजे, पण बोलता आलं पाहिजे. गाणं म्हणता येत असेल तर आळस करताय. बोलता येत नसेल तर थांबा, तिथेच. पहिल्या दिवशी तलावावर हे म्हणाले, बोल मग. मी म्हटलं, काय बोलू? हे म्हणाले, काहीही बोल, डॉक्टरनं सांगितलंय."

त्या किंचित हसल्या. मंदाबाई हसल्या नाहीत.

"आमच्यात बोलणं कुठे होतं? भाजी आणा, दिवा लावा. पण सांगितलंय म्हणून बोलायचं. मग काय निघेल ते. एकदा हे म्हणाले, मला मांडे आवडत नाहीत."

"काय?"

"कधीच आवडले नाहीत म्हणे. गोड लागतात. बेचाळीस वर्षं ताटात वाढलेला मांडा खाल्ला माणसाने. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणे, तुझे हात भाजलेले असायचे."

मंदाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"त्या गुरुवारी ना," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि इथे त्यांना जास्त वेळ लागला. "त्या गुरुवारी मला दम लागतच नव्हता. म्हणजे लागत होता, पण शब्द तुटत नव्हते. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला, मी बोलतच सुटले. तुमच्या लग्नात खापर फुटलं होतं, वऱ्हाड जेवायला बसलेलं, ते सगळं सांगितलं. मग लखनच्या बारशाचं. अख्खी एक फेरी, मंदाबाई. एकदाही थांबले नाही. हे गप्प."

बाहेर फाटकाची कडी वाजली. पेपरवाला होता.

"मला वाटलं, ऐकताहेत. यांचं गप्प बसणं मला काही नवीन होतं का? मी म्हटलं, आज माझी पाळी, ऐकू दे. बाकाजवळ आलो तर हे खाली टेकले. बाकावर नाही, बाकाशेजारी जमिनीवर. मी पुढे गेले होते. मी बोलतच होते."

मंदाबाईंचा हात पदरातच राहिला.

"बोलता येत नसेल तर थांबा. पाठ होतं मला ते. पण ते माझ्यासाठी सांगितलंय, असं मी धरून चालले. पेशंट मी होते ना."

पातेल्यात काहीतरी करपल्याचा वास आला आणि शीतलने घाईने खिडकी उघडल्याचा आवाज.

"म्हणजे तूच," मंदाबाई म्हणाल्या. "एकदा वळून बघितलं असतंस तर."

"हो."

या "हो"वर काय करायचं, ते मंदाबाईंना कळेना. नऊ दिवस त्या भांडायच्या तयारीत होत्या आणि समोरची बाई सगळं कबूल करून बसली होती. भांडण कोणाशी करायचं?

"मग कशाला चालतेस?" त्या शेवटी म्हणाल्या. "तो गेला. एवढं केलं तर बसून राहा गप्प आणि जा त्याच्या मागे. जगायची एवढी हौस कसली तुला?"

"जगायची नाही हो." वच्छलाबाईंनी भाताची ताटली बाजूला सरकवली. "दिवाळीत ते मशिन लावलं होतं ना, तो मास्क. पंधरा दिवस. त्याच्यात बोलता येत नाही. हे रोज येऊन समोर बसायचे, मी हाताने पाणी मागायची. मरायचं तर मरेन. पण तोंड बांधून नाही." त्यांनी फुंकर घातली, पुन्हा घातली. "आज चार मिनिटं झालीत. उद्या तीन होतील. परवा तुम्ही मला दवाखान्यात न्याल. मला दिसतंय ते. खापर फुटायच्या आधी चीर दिसते, तसं."

मंदाबाई उठल्या. उठायला दोनदा जोर करावा लागला. ताटली उचलून आत निघून गेल्या.

*

जीप दोनला येणार होती, ती पावणेदोनलाच आली. कोपऱ्यावर वळतानाच आतल्या बायकांनी सूर लावला. लखन फाटक उघडायला धावला. झुलाल आबा खुर्चीवरून उठून उभे राहिले, मग उभं राहून काय करायचं ते न सुचून परत बसले.

शीतल आत पाण्याचे तांबे भरत होती. मंदाबाई मागून आल्या. हातात बूट होते.

"हे तिच्या पायात घाल," त्या म्हणाल्या. "मला वाकता येत नाही. आणि मागे घेऊन जा तिला."

शीतलला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "फुई, जीप आलीये."

"मला काय बहिरी समजतेस? जा म्हटलं ना. पळवू नकोस, होईल तेवढं चालव. आणि ते बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं चिमट्याचं घे सोबत."

"पण कोपऱ्यात..."

"कोपऱ्याचं मी बघते." मंदाबाई जायला वळल्या, मग थांबल्या. "सकाळी मी जे बोलले तुला, का नाही गेलीस म्हणून. ते सोड."

शीतलच्या हातातला तांबा भरून वाहत होता. "फुई, त्या दिवशी नाना मला म्हणाले होते, तू जा म्हणून."

मंदाबाईंनी तिच्याकडे बघितलं. बाहेरचा सूर फाटकात आला होता. "नंतर सांग," त्या म्हणाल्या. "आता एकीचंच ऐकायची ताकद आहे."

लखनने फाटकातून आईला बोळाकडे जाताना बघितलं. पायांत बूट, मागे शीतल. त्याने वऱ्हांड्यातल्या दोन चादरी उचलल्या, बोळाच्या तोंडाशी असलेल्या दोरीवर टाकल्या आणि चिमटे लावले. आबा म्हणाले, "अरे, सुतकात धुणं वाळत घालतोस?" लखन म्हणाला, "वाळलेलंच आहे, आबा."

अकरा बायका होत्या. पुढे भुरीबाई, ऐंशीची, काटक. तिच्या सुरामागे गाव रडतं असं म्हणायचे. "मन्हा बन्सी रे" करत, नानांना नावाने हाका मारत, ती खोलीत शिरली, सरळ कोपऱ्याकडे गेली, आणि सूर मध्येच थांबला. कोपऱ्यात मंदाबाई बसल्या होत्या. वहिनीच्या चटईवर, वहिनीचा लोड पाठीशी घेऊन.

"वच्छला कोठे शे?"

"मागे आहे. चालतेय."

"चालस?" भुरीबाईने मागच्या बायकांकडे बघितलं. "काय म्हनस तू मंदा?"

"दम्याची बाई आहे. तिला चालायला सांगितलंय डॉक्टरनं. येईल." मंदाबाईंनी दोन्ही हात पुढे केले. "तू बस, भुरीबाई. मन्हा गळामां पड. मन्हाच भाऊ व्हता ना तो?"

विधवेच्या जागी बहीण बसलेली कोणी बघितली नव्हती. दाराशी कुजबुज झाली. पण हात पुढे केलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं, हे त्या अकराजणींपैकी कोणालाच येत नव्हतं. भुरीबाई खाली बसली, मंदाबाईंच्या गळ्यात पडली, आणि सूर पुन्हा लागला. मंदाबाई रडल्या. नऊ दिवस त्या दुसऱ्यांना आणून सोडत होत्या, त्यांच्या वाट्याला रडणं आलंच नव्हतं. ते सगळं आता एकदम आलं.

कोपऱ्यातून समोरची खिडकी दिसत होती. सकाळचा कप अजून तिथेच होता, वर साय धरलेला. कपाच्या पलीकडे गजांमागून वहिनीची आकृती गेली, टाकीकडे. थोड्या वेळाने उलटी गेली, दगडाकडे. बायकांची पाठ त्या बाजूला होती. मंदाबाई रडत होत्या आणि बघत होत्या. टाकीकडे. दगडाकडे. भुरीबाई बन्सीलालच्या लहानपणाचं काहीतरी सुरात सांगत होती, विहिरीत पडला होता ते. टाकीकडे.

मग आकृती आली नाही.

मंदाबाईंनी भुरीबाईचे हात गळ्यातून काढले. "थांब," त्या म्हणाल्या. भुरीबाई थांबली नाही, तिला मध्येच थांबवायची पद्धत नव्हती. मंदाबाई जमिनीवर हात टेकून उठल्या, बायकांच्या मधून वाट काढत खिडकीशी गेल्या. सूर एकेक करून विझत गेला.

वहिनी भिंतीला कपाळ टेकून उभी होती. ओठ निळसर. शीतलने तिच्या बोटाला चिमटा लावला होता.

"किती?" मंदाबाईंनी विचारलं.

"चौऱ्याऐंशी. थांबवलंय मी. वर यायला हवं."

"वहिनी."

वच्छलाबाईंनी ऐकल्याची खूण केली नाही. खांदे वर जात होते, खाली येत होते.

"वहिनी, बोल. काहीही बोल."

फुंकर. फुंकर. शीतल बोटाकडे बघत होती. "पंच्याऐंशी," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "सत्त्याऐंशी."

"किती..." वच्छलाबाई म्हणाल्या. "जणी... आल्या?"

"अकरा."

"चहा..."

"होईल चहा. तू सोड चहा."

"दोन... फेऱ्या... राहिल्या."

तीन शब्दांना तीन श्वास. मंदाबाईंनी ते मोजले. ज्या बाईने तलावाची अख्खी फेरी एका दमात बोलून काढली होती, तिच्याकडे आता एवढंच उरलं होतं. हे मोजायला मुस्कान लागत नव्हती.

"नव्वद होऊ दे आधी," शीतल म्हणाली.

मंदाबाई परत कोपऱ्यात आल्या. बसायला भुरीबाईने हात दिला.

"काय म्हने ती?"

"आतेच येस म्हने."

भुरीबाईने सूर धरला. मंदाबाईंनीही धरला, आधीपेक्षा मोठा. पण दर दोन ओळींनी त्या मध्येच तोडत होत्या, अगदी श्वासभर गप्प होत होत्या आणि मग पुन्हा उचलत होत्या. बायकांना वाटलं, पाठची बहीण आहे, दाटून येत असणार. दाराजवळच्या एकीने आपल्या शेजारणीला खुणेने दाखवलंही, बघ, कसं होतंय बिचारीला.

मंदाबाई कान देत होत्या. बोळात बूट अजून वाजला नव्हता.